जहाजाचा नववा मजला

“आधी डावीकडची झडप,” त्रिशला म्हणाली.

तेरा महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही माझ्याकडं बघून नव्हे, माझ्या मोबाइलकडं बघून. कोर्टाच्या पहिल्या मजल्यावर, समुपदेशकांच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर आम्ही बसलो होतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधे तिची पर्स. अकराची वेळ दिली होती. साडेबारा वाजून गेले तरी आतून बोलावणं नव्हतं. किती वेळ माणूस समोरची भिंत बघणार? मी फोन काढला होता.

“डावीकडची फिरवून बघितली,” मी म्हणालो. “पाणी उलटं येतंय.”

“येऊ दे की. खालची टाकी भरू दे आधी. मग उजवी सोड.”

मी थांबलो. टाकी भरली. उजवी झडप सोडली, तसा काटा हळूहळू हिरव्यावर गेला आणि जहाजाच्या पोटातलं ते लोखंडी दार करकरत उघडलं. तेरा महिने मी त्या दारापुढं डोकं आपटून घेत होतो.

“उघडलं!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की पलीकडच्या बाकावरचे एक काका दचकून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं असेल, साहेबच आले.

त्रिशला हसली नाही. पण तिनं मधली पर्स उचलून मांडीवर घेतली.

त्या गेमला आम्ही जहाज म्हणायचो. खरं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक. वाळवंटात रुतून बसलेलं एक अवाढव्य जहाज, त्याला नऊ मजले, आणि कप्तानाची मुलगी आपल्या हरवलेल्या बापाला शोधत तळापासून वर चढत निघालेली. प्रत्येक मजल्यावर एक बंद दार. चाकं, कळा, झडपा, चोरकप्पे, भिंतीवरची चित्रं आणि बापानं जागोजागी ठेवलेल्या चिठ्ठ्या यांतून वाट काढायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तो फोनवर उतरवून घेतला. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की आम्ही दोघं कॉटवर भिंतीला पाठ टेकून बसायचो. फोन एकच, बोट माझं आणि डोळे तिचे. एखादा कप्पा सुटला की “खट्” असा एक आवाज यायचा. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस पुढच्या कप्प्यासाठी काय वाटेल ते करतो.

आणि छळही काय कमी नव्हता. दर तिसऱ्या दाराला बांगड्यांची जाहिरात. ती बंद करायची फुली मुंगीएवढी, आणि माझं बोट केळ्यासारखं. चौथ्या मजल्यावर घाम गाळून पोचावं, तर तिथं पहिल्या मजल्यावरच्या खुंटीला लटकणारा पाना लागायचा, जो आपण उचललेलाच नसायचा. मी शिव्या घालायचो. त्रिशला शांतपणे म्हणायची, “चल, परत जाऊ.” एका बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि किती उगवतात याची आठ दिवस वाट बघायची, हे तिचं काम. मी सांगलीत एका आर्किटेक्टकडं नकाशे काढायचो. सकाळी हातात दिलेलं काम दुपारी टेबलावर टाकायचं, यातच माझा मोठेपणा.

पाचव्या मजल्यावर आम्ही अडकलो आणि त्याच सुमाराला त्रिशला जयसिंगपूरला माहेरी निघून गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

का गेली, हे मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. मारहाण नाही, दारू नाही, सासूसासऱ्यांचा जाच नाही. माझे आईवडील दोघंही आमच्या लग्नाआधीच गेलेले. भांडी आपटावीत इतकं भांडणसुद्धा आमच्यात कधी झालं नाही. ती नुसती कमी कमी बोलत गेली, आणि एक दिवस बॅग भरून गेली. मीही तोऱ्यात होतो. गेली तर गेली, येईल आपण होऊन, असं म्हणत बसलो. मग तिच्याकडून संमतीनं घटस्फोट घ्यावा असा निरोप आला आणि मी त्याच तोऱ्यात सही केली.

त्या दिवशी शेवटी दोन वाजता आत बोलावलं. समुपदेशक बाई वयस्कर होत्या, चष्मा नाकावर घसरलेला.

“नेमकं कशावरून बिनसलं?” त्यांनी मला विचारलं.

“पटत नाही,” मी म्हणालो.

“आणि तुमचं काय म्हणणं?”

“यांनी काय सांगितलं?” त्रिशलानं विचारलं.

“पटत नाही म्हणाले.”

“मग तेच लिहा.”

बाईंनी तेच लिहिलं. बाहेर आल्यावर जिन्यात त्रिशला मला म्हणाली, “सहाव्या मजल्यावर काय आहे?”

“कुणास ठाऊक. अजून बघितलं नाही.”

“हं,” असं म्हणून ती गेली.

त्यानंतरच्या तारखांना मी सुट्टी टाकून जायचो आणि मनातल्या मनात प्रार्थना करायचो, की आज आत लवकर बोलावू नका. ऑक्टोबरात सहावा मजला झाला. डिसेंबरात सातवा. तोवर आमच्यातली पर्स कधी पायाशी गेली, कधी तिच्या पलीकडच्या बाजूला गेली, ते कळलंही नाही. घरचं काही आम्ही बोलत नव्हतो. तू जेवतोस कुठं, तुझ्या आईचे, अक्कांचे, गुडघे कसे आहेत, असलं एक अक्षर नाही. नुसतं “तो निळा काचेचा तुकडा कुठं गेला?” आणि “थांब की जरा, सगळं दाबत सुटू नकोस.” बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघांना काही कामधंदा नाही. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्या बाकावर बसून मी जेवढा सुखात होतो तेवढा लग्नाच्या पाच वर्षांत नव्हतो. मला त्रिशला परत हवी होती. एवढं साधं वाक्य होतं ते, आणि मला ते म्हणता येत नव्हतं.

जानेवारीत शेवटची तारीख होती. सहा महिन्यांची मुदत संपली होती. न्यायाधीशांसमोर दोघांनी उभं राहायचं, आमची अजूनही हीच इच्छा आहे असं सांगायचं, आणि संपलं. आमच्या दोघांच्या मिळून एकच वकीलबाई होत्या, कुंभोजे नावाच्या. “साडेअकराला पुकारा होईल, दारातच थांबा,” असं बजावून त्या दुसऱ्या कोर्टात पळाल्या.

आम्ही दाराशीच बसलो. आठवा मजला चालू होता. तिथं सात घंटा होत्या, लहान-मोठ्या. बापानं ठेवलेली एक संगीतपेटी फिरवली की एक धून वाजायची आणि तीच धून घंटांवर वाजवून दाखवायची. पण कोर्टाच्या व्हरांड्यात कुणाला धून ऐकू येणार? एकीकडं कुणाचं तरी बाळ रडतंय, दुसरीकडं दोन व्याही एकमेकांचा उद्धार करतायत.

“इअरफोन आहे का?” त्रिशलानं विचारलं.

होता. एक बोंड तिनं कानात घातलं, एक मी. वायर आखूड होती, म्हणून जवळ सरकावं लागलं. तिच्या केसांना रिठ्याचा वास होता. मी धून ऐकत होतो असं म्हणायला हरकत नाही.

“तिसरी घंटा चुकली,” ती म्हणाली. “परत.”

परत चुकलं. परत. नवव्या की दहाव्या वेळी सातही घंटा बरोबर लागल्या आणि जहाजभर असा काही घणघणाट झाला, की त्रिशलानं माझं मनगट घट्ट धरलं. आणि त्याच वेळी आमच्यासमोर खाकी कपड्यांतले दोन पाय येऊन थांबले.

“ओ, मगदूम तुम्हीच का?” शिपाई विचारत होता.

मी कानातलं काढलं. “होय. झाला का पुकारा?”

“झाला का काय! तीन वेळा झाला की ओ! ‘अभिनंदन मगदूम, त्रिशला मगदूम’ असं घसा फुटेस्तोवर ओरडलो. खालच्या कँटिनवाल्यानं ऐकलं. तुम्हीच तेवढं ऐकलं नाही!”

“मग आता?”

“आता काय? गैरहजर म्हणून पुढची तारीख दिली साहेबांनी. सतरा फेब्रुवारी.”

कुंभोजे वकीलबाई धापा टाकत आल्या. आधी त्यांना वाटलं, आमच्यापैकी कुणीतरी आलंच नाही. मग त्यांनी आमच्या हातातली ती वायर बघितली.

“अहो मगदूम,” त्या म्हणाल्या, “सहा महिने थांबलात. आणि आज दाराला टेकून, कानात बोळे घालून बसला होता? वीस वर्षांत मी एक पार्टी अशी बघितली नाही. भांडणारे बघितले, रडणारे बघितले. गाणी ऐकत बसणारे तुम्हीच!”

“गाणी नव्हे मॅडम,” त्रिशला गंभीरपणे म्हणाली, “घंटा होत्या.”

झालं. मला हसू फुटलं. वकीलबाईंच्या तोंडावर हसणं बरं नव्हे म्हणून मी जिन्याकडं पळालो, माझ्यामागून ती. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्रिशलाला हसताना उचकी लागते. ती लागली. मी तिला पाण्याची बाटली दिली, ती पाणी प्याली, परत हसली आणि परत उचकी लागली. लोक बाजूनं चढत होते, उतरत होते, आमच्याकडं बघत होते.

स्टँडवर मी तिच्याबरोबर गेलो. ती नको म्हणाली नाही. जयसिंगपूरची बस लागली होती. “नववा बघू दे की एकदा,” ती म्हणाली. मी उघडून दाखवला. शेवटचं दार गोल होतं आणि त्यावर एकात एक तीन कडी होती. बाहेरच्या कड्यावर बारा मासे, मधल्यावर बारा तारे, आतल्यावर बारा होड्या. प्रत्येक मासा, तारा आणि होडी यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. ती फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. कंडक्टरनं घंटी मारली, बस गेली. ती बघतच होती.

“बस गेली तुझी,” मी म्हणालो.

“दुसरी आहे की,” ती म्हणाली.

दुसऱ्या बसमध्ये चढताना ती वळून म्हणाली, “एकच राहिला आता.” मी मान हलवली. सायकल शिकलेल्या पोरासारखा मी त्या दिवशी घरी आलो.

आता जे सांगायचं आहे ते मी नऊ वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही, कारण ऐकणारा हसेल आणि त्याचं बरोबरच असेल.

सतरा फेब्रुवारीला महिना होता. मी ठरवलं होतं, त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिला सांगायचं, की चल, घरी जाऊ. पहिले तीन आठवडे गेमला हातसुद्धा लावला नाही. मग एका रविवारी दुपारी वाटलं, नुसतं बघावं, ती एवढं काय बघत होती ते. बघितलं. एक कडं फिरवून बघितलं. मासे जुळले की तारे बिघडायचे, तारे जुळले की होड्या. आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. ऑफिसात नकाशावर बाथरूम काढताना मला मासे दिसायला लागले. आर्किटेक्ट साहेबांनी विचारलं, “मगदूम, हा संडास गोल का काढलाय?” मी चिडायचो, फोन आपटायचो, पुन्हा उचलायचो. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत वैतागून मी फोन उलटा करून टेबलावर टाकायला गेलो, आणि फोन उलटा होताच आतलं कडं आपोआप गरकन फिरलं. तीच मेख होती! फोनच उलटा धरायचा होता! सगळ्या होड्या एका रांगेत आल्या आणि खट्.

मी डबा तसाच सोडून खुर्चीतून उठलो. सगळ्यांत आधी मनात काय आलं असेल, तर त्रिशलाला कधी एकदा दाखवतो. मी मेसेज लिहिला, पुसला. म्हटलं, नको, समोरच दाखवू. तिचा चेहरा बघायचा होता मला. कसं केलंस रे, असं तिनं म्हणायला हवं होतं. ती ते म्हणाली, की मग मला जे बोलायचं होतं ते आपोआप तोंडातून येईल अशी माझी खात्री होती. नऊ मजले सर केलेला माणूस एक वाक्य बोलू शकणार नाही का?

सतरा तारखेला मी सव्वादहालाच कोर्टात पोचलो. ती माझ्याआधी येऊन बसली होती. आजवर कधीच ती आधी आली नव्हती. आणि तिच्या अंगावर मोरपंखी साडी होती. माझ्या आवडीची वगैरे नाही, तसलं काही माझ्या लक्षात राहत नाही. पण कोर्टात ती नेहमी ड्रेसवर यायची, एवढं मला कळलं.

“बस,” ती म्हणाली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जपून उघडलं. पुठ्ठ्याच्या तीन गोल चकत्या होत्या, एकात एक बसवलेल्या, मधे ब्लाउजचं टिचबटण लावून. बाहेरच्या चकतीवर मासे, मधल्यावर तारे, आतल्यावर होड्या. छत्तीसच्या छत्तीस चित्रं, स्केचपेननं काढलेली, प्रत्येकाचं तोंड बरोबर त्या त्या दिशेला. स्टँडवर वीस मिनिटं बघून तिनं ते सगळं डोक्यात साठवून नेलं होतं.

“साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आहे,” ती जराशी लाजून म्हणाली. “महिनाभर बसलेय यावर. मासे आणि तारे जुळतात, हे बघ. होड्या मात्र काही केल्या बसत नाहीत. अक्का म्हणते, वेड लागलंय हिला. म्हटलं, दोघांनी मिळून बघितलं तर—”

“अगं सुटलं ते!” मी म्हणालो.

“काय?”

“सुटलं! बुधवारीच. तुझ्या या पुठ्ठ्यावर जन्मात सुटलं नसतं. फोन उलटा धरायचा असतो, ती मेख आहे! थांब, दाखवतो तुला.”

आणि मी दाखवलं. फोन उलटा केला, कडं फिरलं, दार उघडलं, आणि त्यापुढची सगळी अखेर मी तिच्यासमोर धरली. मुलगी गच्चीवर येते. चहूकडं वाळू. बाप काही सापडत नाही, त्याची टोपी तेवढी सापडते. मग ती दोराच्या शिडीवरून खाली उतरते आणि वाळूतून चालायला लागते. शेवटी पाटी येते, की गेम आवडला असेल तर पाच तारे द्या.

त्रिशलानं शेवटपर्यंत बघितलं. मधे एकदाही नजर काढली नाही.

“एकटीच उतरली का ती?” तिनं विचारलं.

“होय. जहाजात दुसरं आहेच कोण?”

“छान आहे,” ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. कसं केलंस रे, हे यायला हवं होतं ना. ते येईना. तिनं त्या चकत्या पुन्हा रुमालात गुंडाळल्या, अगदी कडा दुमडू न देता, आणि पर्समध्ये ठेवल्या. मला कळलं, की काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते मात्र कळेना. एक गेम तर होता, तोही जिंकलेला.

त्या दिवशी पुकारा पहिल्या हाकेलाच ऐकू आला.

आत न्यायाधीश साहेबांनी कागद बघितले, आमच्याकडं बघितलं. मागच्या वेळचा किस्सा त्यांच्या कानावर गेला असावा, कारण ते जरा हसले. “दोघांनी नीट विचार केलाय ना?” त्यांनी विचारलं. “अजूनही वेळ आहे. कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा.”

मी त्रिशलाकडं बघितलं. ती समोर बघत होती. मी मनात म्हटलं, आधी ती बोलू दे. आपण मधे तोंड घालायला नको, आत्ताच काहीतरी चुकलंय आपलं. पंख्याचा आवाज येत होता. साहेब थांबले. बरेच थांबले. जन्मात पहिल्यांदा मी कुणासाठी तरी एवढा थांबलो असेन. मग त्यांनी पेन उचललं.

पंधरा दिवसांनी निकालाची नक्कल आणायला मी कुंभोजे वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी लखोटा दिला, सही घेतली. मी उठलो तशा त्या म्हणाल्या, “मगदूम, एक विचारू? तुमचं त्या दिवशी सकाळी काही वाजलं का?”

“नाही. का?”

“आदल्या दिवशी मिसेसचा फोन आला होता मला. अर्ज मागं घेता येतो का विचारत होत्या. मी म्हटलं, सोपं आहे, यायचंच नाही कोर्टात. तर म्हणाल्या, नको, येणार तर मी आहेच. त्यांच्याबरोबर बसायचंय मला. मग तिथंच सांगू साहेबांना.” वकीलबाईंनी चष्मा पुसला. “मी आपली वाट बघत होते, कधी बोलतायत. दोघंही खांबासारखे उभे.”

लखोटा डिकीत टाकून मी स्कूटर थेट जयसिंगपूरला नेली. ऑफिसला कळवलंही नाही. त्रिशला प्रयोगशाळेतून नुकतीच आली होती. फाटकाचा आवाज ऐकून ती बाहेर आली आणि मला बघून पायरीवरच थांबली.

“तू अर्ज मागं घेणार होतीस?” मी विचारलं. गाडीसुद्धा स्टँडवर लावली नव्हती.

“होय,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

ती पायरी उतरली. मग फाटकापाशी आली.

“अभि, फ्लॅट घेतलास तेव्हा बुकिंग करून आलास आणि मग मला दाखवलास. छान होता, मी छान म्हणाले. तुझी बेळगावची नोकरी तू नाकारलीस, हे मला आठ दिवसांनी तुझ्या मित्राकडून कळलं. डॉक्टरांकडून आपले रिपोर्ट तू एकटा जाऊन आणलेस. मला मूल होणार नाही, हे तू मला चहा पिता पिता सांगितलंस, आणि पुढं काय करायचं तेही तूच ठरवून आला होतास. वाईट तू कधीच काही केलं नाहीस. पण मी येईपर्यंत सगळं झालेलं असायचं.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्या बाकावर मला वाटायला लागलं होतं, की हा आता थांबायला शिकला. मला ते दार उघडायलाच नको होतं रे. महिनाभर मी चकत्या फिरवत बसले, ते उघडावं म्हणून नव्हे. तुझ्याबरोबर बसून सुटलं नसतं, तरी मला चाललं असतं.”

मला बोलायचं होतं. खूप होतं. चूक झाली, चल घरी, पुन्हा लग्न करू, जगात लोक करतात. हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात तिच्या अक्का दारात आल्या. मी जावई राहिलो नव्हतो, तरी त्यांनी डोक्यावर पदर घेतला. गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “आत या की. फाटकात काय उभारलाय?” मग त्यांनी पश्चिमेकडं बघितलं. त्या घरात जैनांचा नेम कडक, सूर्य बुडाला की कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही, हे मला ठाऊक होतं. “अजून दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते.”

त्रिशलानं फाटकाची कडी काढली आणि फाटक धरून उभी राहिली.

“नको अक्का,” मी म्हणालो. “निघतो. उशीर झालाय.”

ते शब्द तोंडातून गेले आणि मी स्कूटरला किकही मारली. त्रिशलानं मान हलवली आणि कडी परत लावली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, निपाणीच्या एका विधुर मास्तरांशी. त्यांना दोन लहान मुली आहेत. बरं चाललंय असं ऐकतो. मी मात्र अजून कधी कधी त्या संध्याकाळचा हिशोब लावत बसतो. मला त्या दिवशी कुठंही जायचं नव्हतं. ऑफिस सुटून गेलं होतं, घरी कुणी वाट बघत नव्हतं. आणि दिवस मावळायला अजून चांगला अर्धा तास होता.